चाचा रिकाम्या हातांनी आले की

आमच्या कॅम्पात चाचा लांबून येताना दिसले की माणसं आधी त्यांच्या हातांकडं बघायची, तोंडाकडं नंतर. हातात थर्मास असला तर सगळं ठीक, चहा पाजायला आलेत. थर्मास नसला तर एखादा नळ, बल्ब, नाहीतर साबणाची वडी, काहीतरी असायचंच. पण दोन्ही हात नुसतेच बाजूला लोंबत असले की उभा असलेला माणूस खाली बसायचा. चाचा रिकाम्या हातांनी आले म्हणजे त्याच्या घरचं कुणीतरी वारलेलं होतं आणि ते सांगायला चाचा आले होते.

हे ओमानमधल्या खाबुऱ्याचं सांगतोय. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खजुराच्या आणि लिंबाच्या बागा, मधून मस्कतला जाणारा हायवे, आणि हायवेपासून जरा आत आमच्या कंपनीचा कॅम्प. मी तिथं पाण्याचा टँकर चालवतो. मी शाळा सोडली का शाळेनं मला सोडलं यावर आमच्या गावात अजून एकमत झालेलं नाही, पण चौथीनंतर आम्ही एकमेकांना भेटलो नाही एवढं खरं. वाचायला म्हणाल तर रस्त्यावरचे बोर्ड तेवढे येतात. बाकी सगळं तोंड. तोंड मात्र देवानं डबल दिलंय. कॅम्पात कुणाचा मूड गेला की मला बोलावतात. मी काही बोलायच्या आधीच हसायला लागतात, म्हणजे माझं तोंडच तसं असणार.

चाचा स्टोअरकीपर. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. मिशी फुटायच्या वयात इकडं आले आणि इथंच पिकले. अंगानं काठी, पांढरी दाढी, शर्टाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. स्टोअरमध्ये हातमोजे मागायला गेलं तरी विचारायचे, "कुणाला?"

"मलाच चाचा, अजून कुणाला."

"मग हात पुढं कर."

हात बघून मापाचे काढून द्यायचे. दुसऱ्यासाठी न्यायला आलं तर देत नसत. "ज्याचा माल त्याच्या हातात. मधल्या हातांवर माझा विश्वास नाय." ह्या एका गोष्टीवरनं त्यांची कितीतरी जणांशी भांडणं झाली. मला एकदा बूट दिले नाहीत, का तर मी पाय आणले नव्हते. पाय होते, पण मी टँकरमध्ये बसूनच हाक मारली होती.

मेल्याची बातमी सांगायचं काम मात्र त्यांना कुणी दिलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि कॅम्पातल्या निम्म्या लोकांना ते पसंत नव्हतं.

का, ते कळायला आमच्याकडची रीत माहीत पाहिजे. गल्फात कामाला असलेल्या माणसाच्या घरी कुणी वारलं की त्याला तसं सांगत नाहीत. घरचे त्याच्या रूममधल्या दुसऱ्या कुणाला तरी फोन करतात. मग रूमवाल्यांची मीटिंग होते. एकजण चार्जिंगला लावतो म्हणून त्याचा मोबाईल काढून घेतो, कारण आता व्हॉट्सॅपवर तिरडीचा फोटोसुद्धा येतो. दुसरा सुपरवायझरला भेटून रजेचं बघतो, तिसरा तिकिटाचं. आणि ज्याचं तोंड त्यातल्या त्यात गंभीर असेल तो जाऊन सांगतो, "आई जरा सिरियस आहे, घरी जाऊन ये." तो बिचारा विमानात नवस बोलत जातो आणि खरं काय ते त्याला घराच्या दारात कळतं.

हे सगळे मायेनंच करतात. परक्या मुलखात कोलमडला तर कोण सावरणार, विमानात एकटा काय करेल, असा त्यात विचार असतो. मीही खूप जणांना असं पाठवलंय. म्हणजे मोबाईल काढून घ्यायचं काम माझं. सांगायला मला कधी कुणी पुढं केलं नाही, माझ्या तोंडामुळं.

चाचांना हे बिलकूल चालत नसे. म्हणायचे, "मौतीची बातमी ज्याची त्याची. त्याची वस्तू खिशात घालून त्याच्याच समोर बसून तुम्ही चपाती खाता? चोरी हाय ही."

त्यांची पद्धत ठरलेली. आधी स्वतः त्याच्या घरी फोन लावून खात्री करायचे. मग हातातलं सगळं स्टोअरमध्ये ठेवून निघायचे. माणसाला बसवायचे, समोर आपण बसायचे आणि एका वाक्यात सांगायचे. "तुझी आई आज सकाळी वारली." 'गेली' म्हणायचे नाहीत. गेली म्हटलं की माणूस कुठं गेली विचारतो, असं त्यांचं म्हणणं. देवाची मर्जी, हिंमत ठेव, असलं काही नाही. सांगून झालं की तिथंच बसून राहायचे. तो रडला तर रडू द्यायचे, शिव्या दिल्या तर खायचे. एका पठाणानं त्यांच्या छातीवर बुक्क्या मारल्या होत्या. त्याच्या बुक्क्या संपेपर्यंत हे बसलेले, आणि संपल्यावर त्याचे हात आपल्या हातात धरून बसलेले.

आणि ते वाक्य ज्याचं त्याच्या भाषेत. "असली गोष्ट माणसाला आईच्या बोलीत कळायला होवी," म्हणायचे. तेलुगू, बंगाली, भोजपुरी, पश्तो, सगळ्यांत त्यांना ते एवढंच यायचं. पाणी मागता यायचं नाही, पण बाप वारला हे सांगता यायचं.

नवीन माणूस कॅम्पात आला की आपण विचारतो गाव कुठलं, पोरं किती. चाचा त्याला स्टोअरमध्ये बसवून चहा देत आणि विचारत, "तुमच्यात 'तुझा बाप वारला' कसं म्हणतात?" केरळातला एक इलेक्ट्रिशियन आला होता, आदल्या दिवशीच विमानातनं उतरलेला. त्याला एवढंच कळलं की हा म्हातारा आपल्या बापाचं आणि मरणाचं काहीतरी बोलतोय. त्यानं कप टाकला आणि रडत बाहेर पळाला. त्याचा बाप तिकडं खुशाल रबराच्या झाडाला चिरा मारत होता. फोनवर बाप विचारतोय, बाबा पोचलास का, जेवलास का, आणि हा नुसता रडतोय. त्याची समजूत काढायला मला पाठवलं. मला मल्याळम येत नाही, त्याला हिंदी येत नाही. मी आपलं हसवायचं तोंड केलं, तर तो अजून मोठ्यानं रडायला लागला.

परत आलो तर चाचा डोकं धरून बसलेले. "आधी 'तुझ्या घरी सगळे खुशाल हायत' हे शिकायला होवं होतं," म्हणाले. मग तेही वाक्य त्यांनी सगळ्या भाषांत पाठ केलं. थर्मास हातात आला तो त्या दिवसापासनं. साध्या कामाला जाताना हात भरलेला पाहिजे, म्हणजे लांबूनच माणसाच्या जिवाला घोर लागत नाही. भर उन्हात, गळ्यापर्यंत बटण लावून, थर्मास पुढं धरून हा माणूस कॅम्पभर हिंडायचा. नवे लोक मला विचारायचे, याचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी म्हणायचो, आहे, आपल्यापेक्षा जरा पुढच्या ठिकाणी आहे.

एकदा त्यांना टँकरमधनं बाजारात नेत होतो. सहज विचारलं, "चाचा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "माझा बाप वारला तेव्हा मी इथं नवीन. तेव्हा मोबाईल नव्हते. घरच्यांनी ठरवलं, सुट्टीवर येईल तेव्हा कळेल. मी सुट्टीवर निघालो. मस्कतच्या मत्रा बाजारातनं बापासाठी काठी घेतली, मुठीला चांदीची पट्टी. मुंबईला भाऊ न्यायला आलेला. गाडीत मी काठी काढून दाखवली, तो बोलला, छान हाय. महाडला चा प्यायला थांबलो. मी ड्रायव्हरला गमती सांगतोय, सगळे हसतायत. वाडीत गाडी थांबली, पोरं जमली. मी उतरलो आणि काठी टेकत, बापासारखा लंगडत चालून दाखवला. पोरं हसावीत म्हणून."

मी ब्रेकवर पाय ठेवला होता, का ते मलाच कळलं नाही.

"कुणी हसला नाय. आई दारात उभी, पांढऱ्या कपड्यांत. तिच्यासमोर मी बापाची नक्कल करतोय." ते खिडकीबाहेर बघत होते. "तो काठीवाला मला अजून दिसतो. हसत हसत चाललेला. तसा चालायला कुणाला लावू नये."

मी जोक मारणारा माणूस. तोंड उघडलं होतं, ते मिटून गाडी पुढं काढली.

माझ्या बाबतीत सगळं उलटं झालं. एक दिवस सकाळी चुलतभावाचा फोन. "काकी सिरियस आहे रे, जमलं तर येऊन जा." आता सिरियस म्हणजे काय हे मला शिकवणार? ज्यानं एवढ्या जणांचे मोबाईल काढून घेतले त्याला? तो म्हणत होता, अरे ऐक तरी. मी म्हटलं, मला सगळं कळतं, आणि फोन कापला. रीतीप्रमाणं मीच माझा मोबाईल काढून घेतला, बंद केला आणि रूममेटच्या ताब्यात दिला. मग बाजारात गेलो, बांगलादेशी न्हाव्याकडं बसलो आणि डोकं, मिशी सगळं उतरवून टाकलं. तो विचारत होता, भाई, गर्मी हो रही है क्या? मी म्हटलं, माँ. त्यानं गपगार वस्तरा चालवला आणि वरून डोक्याला पाणी लावून हात जोडले. रूमवर येऊन मी जमिनीवर बसलो. माणसं भोवती जमली. मी रडलो, जेवलो नाही, आईनं मला काय काय खाऊ घातलं ते सगळं सांगितलं, ते ऐकून दोघंतिघं रडले.

चाचा त्या दिवशी माल आणायला सोहारला गेले होते. दुपारनंतर आले ते सरळ माझ्याकडं. हातात थर्मास होता, पण रडणाऱ्याला थर्मास कुठला दिसतोय.

"तुझी आई जिवंत हाय," म्हणाले. "मी आता बोललोय तिच्याशी. पित्ताचा खडा हाय, ऑपरेशन हाय. विचारत होती, पोरगा फोन बंद करून का बसलाय."

मी म्हटलं, "चाचा, तुम्हीपण? तुम्हीपण आता खोटं बोलायला लागलात?"

त्यांनी नंबर लावून मोबाईल माझ्या कानाला लावला. आईनं पहिली शिवी दिली आणि मला खात्री पटली. असली शिवी दुसऱ्या कुणाला येत नाही.

चाचांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला, माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून हसले. खांदे हलत होते म्हणून कळलं. मग वळून म्हणाले, "एवढी वर्षं सगळ्यांशी खोटं बोललात. आता खरं पण कुणाला पटंना. जा, टोपी घालून जा."

टोपी घालून गेलो. दवाखान्यात आईच्या पाया पडायला वाकलो आणि टोपी पडली. आई बघतच राहिली. "मेल्या," म्हणाली, "जरा दम धरवला नाही?" सगळा वॉर्ड हसला. अजून ती गावात ओळख करून देते, हा माझा धाकटा, मला आधीच पोचवून बसलेला.

पण सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी गेल्या नाहीत. आमच्यात बिहारचा एक वेल्डर होता. गरीब, खाली मान घालून काम करणारा. ईद तोंडावर आलेली आणि त्याची आई वारली. चाचांनी रिकाम्या हातांनी जाऊन सांगितलं. पण ईदच्या गर्दीत कुठल्याच विमानात जागा नाही. रजा मंजूर, तिकिटाला पैसे तयार, आणि सीट नाही. तो कॅम्पात फिरत राहिला. भट्टीतल्या विटेसारखा कोरडा झाला. जेवायच्या हॉलमध्ये सगळे बसलेले असताना तो चाचांसमोर येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "चाचा, आपने मेरी माँ को ईद से पहले ही मार दिया. ईद तक तो ज़िंदा रहने देते."

चाचांनी ताट बाजूला केलं आणि मान खाली घातली. कॅम्प बॉसनं दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, हा तुमचा धंदा आता बंद. चाचा बरं म्हणाले. त्यानंतर बरेच महिने त्यांच्या हातातला थर्मास सुटला नाही. कुणी वारलं की आमची मीटिंग व्हायची, मोबाईल चार्जिंगला लागायचा, माणूस सिरियसच्या नावानं विमानात बसायचा. चाचा स्टोअरच्या दारातनं बघत राहायचे.

वेल्डर गावाहून परत आला तेव्हा चाचांसाठी लिंबाचं लोणचं घेऊन आला. मी म्हटलं, "बघा, राग गेला त्याचा."

"लोणचं आणलं म्हणजे माफ केलं असं नसतं," चाचा म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "मी चुकलो काय रे?"

"चाचा, मी जिवंत आईच्या नावानं मुंडण केलेला माणूस. मला काय विचारता."

ते हसले नाहीत. मला वाटतं, त्यांना त्या दिवशी खरंच उत्तर पाहिजे होतं. मग त्यांचं त्यांनीच शोधलं. नव्या माणसाला चहा द्यायचे तेव्हा आता दुसराच प्रश्न विचारायचे. "अल्ला करो आणि तसं न होवो, पण तुझ्या घरचं काही असलं तर तुला इथं सांगू, का घरी गेल्यावर कळू दे?" जुन्यांनाही एकेकाला गाठून विचारलं. खूप जण म्हणाले, घरीच कळू दे. चाचांना ते आवडायचं नाही, तोंड वाकडं व्हायचं, पण ज्याचं उत्तर त्याचं म्हणून लक्षात ठेवायचे. कॅम्प बॉसनंही मग डोळेझाक केली. त्यानं स्वतः 'इथंच सांगा' म्हटलं होतं असं ऐकलंय.

मी विचारलं, "आणि तुम्हाला, चाचा?"

"मला लगेच. बसवून. आणि तुझ्यासारख्यानं सांगायचं झालं तर तोंड नीट करून."

यंदा चाचा कायमचे निघाले. व्हिसा कॅन्सल झाला, दोन दिवसांवर तिकीट. खोलीत दोरी बांधलेला खोका तयार, त्यावर मार्करनं नाव. चाचीची एकच मागणी राहिली होती. गुडघे गेल्यामुळं तिला नमाजाला खाली बसता येत नव्हतं, तिला घडीची खुर्ची पाहिजे होती. त्या चाचीला आम्ही कुणी बघितलेलं नाही, चाचा तिचं नावसुद्धा घेत नसत, 'घरातली' म्हणत. पण तिच्या गुडघ्यांची माहिती सगळ्या कॅम्पाला होती.

सकाळी दोघं बाजारात गेलो. दुकानात एक म्हातारा ओमानी बसलेला. माझ्या एका हातात चाचांनी घेतलेली टँगची बाटली, दुसऱ्या हातात बामच्या डब्यांची पिशवी. चाचांनी खुर्च्या एकेक उघडून बघितल्या, हलवून बघितल्या. एक पसंत पडली.

"ही बसंल बघ तिला," म्हणाले. "ती अशी बसते." आणि दोन्ही गुडघे धरून, "या अल्ला" म्हणत, हळूहळू टेकत ते खुर्चीत बसले आणि माझ्याकडं बघून हसले. दुकानदारही हसला.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. चाचांचा जावई.

"अब्बा जवळ आहेत?"

"आहेत."

"मग हसल्यासारखं बोला. अम्मी पहाटे वारल्या. मगरीबच्या नमाजानंतर माती आहे. अब्बांना सांगू नका. त्यांच्या हार्टचं तुम्हाला माहीत आहे. दोन दिवसांत येतातच आहेत, आम्ही घरी सांभाळून सांगू. तेवढा त्यांचा मोबाईल काढून घ्या, ग्रुपवर कुणीतरी टाकेल."

मी म्हटलं, "बरं, बरं." हसल्यासारखंच म्हटलं असणार, कारण चाचा विचारत होते, "कोण? तुझी आई काय? परत मेली काय?" आणि आपल्याच जोकवर खुर्चीत बसून हसत होते.

खरं सांगतो, सोपं होतं. दोन दिवसांचा तर प्रश्न. मोबाईल काढून घेण्यात माझा हातखंडा. गोळ्या खिशात घेऊन फिरणारा माणूस, त्याला काही झालं तर जावई मला सोडणार नाही, आणि बरोबरच आहे. त्यांची पोरगी, त्यांचं घर, मी कोण? टँकरवाला. पण चाचा खुर्चीतनं उठले, परत गुडघे धरले, आणि दुकानदाराला पुन्हा एकदा करून दाखवायला लागले, माझी घरातली अशी बसते. म्हातारा ओमानी हसतोय, चाचा हसतायत. मला महाडचा चहा आठवला. काठी आठवली.

ते "या अल्ला" म्हणत बसले. मी बाटली फरशीवर ठेवली. पिशवी ठेवली. मोबाईल खिशात टाकला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

माझ्या तोंडाकडं बघून ते अजून हसतच होते. माझं तोंडच तसं, नीट करून करून किती नीट करणार. मग त्यांची नजर माझ्या हातांवर आली.

हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतनं गेलं, मग ओठांवरनं.

"बोल," म्हणाले. "तोंडानं बोल."

"चाचा, चाची आज पहाटे वारल्या."

ते डोळे मिटून बसले. त्यांचा श्वास चालतोय ना हे मी बघत होतो. खूप वेळानं त्यांनी हात वर नेला आणि शर्टाचं वरचं बटण काढलं. मग खुर्चीच्या दोन्ही दांड्या धरून रडायला लागले. मी समोर बसून राहिलो. एवढं त्यांच्याकडनं शिकलो होतो. दुकानदारानं मला विचारलं, मी मोडक्या अरबीत सांगितलं. तो काउंटरच्या मागनं बाहेर आला, दुकानाचं दार लोटलं आणि आमच्याजवळ फरशीवर बसला.

मगरीबला माती म्हणजे तिकडं अंधारत होतं तेव्हा आमच्याकडं अजून ऊन होतं. त्या उन्हात कॅम्पाच्या पत्र्याच्या मशिदीत चाचांनी चाचीसाठी नमाज पढली. तिकडं माती देतायत त्याच वेळेला. मागं रांग उभी राहिली. चाचांच्या बरोबर मागं बिहारचा वेल्डर होता. मी बाहेर चपलांपाशी उभा होतो, टोपी घालून.

जावयाचा फोन आला. "का सांगितलंत? काही झालं असतं म्हणजे?"

मी म्हटलं, "त्यांनी मला सांगून ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. कंपनीची पिकअप घेऊन मीच मस्कतला सोडायला गेलो. खुर्ची त्यांनी खोक्याबरोबर मागं टाकू दिली नाही, पायांशी घेऊन बसले. खाबुऱ्यापासनं विमानतळापर्यंत ते रडत होते. मधे थांबायचे, समुद्राकडं बघायचे, चाचीची एखादी गोष्ट सांगायचे, की ती मासे साफ करताना स्वतःशी बोलायची, की तिला विमानाची भीती म्हणून ती कधी इकडं आली नाही, आणि परत रडायचे. मी एवढा वेळ गप्प बसल्याचं माझ्या आईलाही खरं वाटणार नाही. दारात उतरताना त्यांनी थर्मास माझ्या सीटवर ठेवला. खोका हमालाकडं दिला आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरून आत गेले.

जावयाचा परत फोन आला तेव्हा आवाज उतरलेला होता. "अब्बा पोचले. वाडीत गाडी थांबली आणि ते रडतच उतरले. आम्हाला काही सांगावंच लागलं नाही. अंगणात खुर्ची मांडून बसले आणि म्हणाले, ती शेवटी काय बोलली ते मला पहिल्यापासनं सांगा." मग म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"

कॅम्पात आता बातमी सांगायला कुणी नाही. परत मीटिंगा होतात. मला कुणी ते काम दिलेलं नाही, आणि माझ्या तोंडाकडं बघून देणारही नाहीत. थर्मास माझ्या पलंगाखाली आहे. पण त्या दिवसापासनं मला एक सवय लागलीय. शेजारच्या रूममध्ये मीठ मागायला गेलो तरी हात रिकामे ठेवून जात नाही. परवा घाईत काहीच सापडलं नाही, म्हणून एक चप्पल हातात घेऊन गेलो.